ऑइल फिल्टर घेताना आतली झडप बघा: ग्वाल्हेरहून एक अनुभव

तुमच्या गाडीचा ऑइल फिल्टर इंजिनाला आडवा बसत असेल आणि गाडी बरेच तास उभी राहत असेल, तर फिल्टरवर शे-दीडशे रुपये जास्त घाला. फिल्टर डब्यासारखा खाली लटकत असेल आणि त्याचं तोंड, म्हणजे इंजिनाला आट्यांनी बसणारी बाजू, वर असेल, तर एवढा विचार करायची गरज नाही. मी दोन्ही तऱ्हेच्या गाड्या जवळून पाहिल्या आहेत, म्हणून ठामपणे सांगते.

आमची पेट्रोल हॅचबॅक दौलतगंजातल्या घराच्या अंगणात आठवडाभर उभी असते. रविवारी आईला घेऊन दतियाला पीतांबरा पीठात जायचं, कधी शिवपुरी, एवढाच तिचा वापर. गेल्या हिवाळ्यात चावी फिरवली की पहिले दोन-तीन सेकंद पुढून खडखड येऊ लागली, साखळी हलवल्यासारखी. ऑइलचा लाल दिवाही नेहमीपेक्षा उशिरा विझायचा. नंतर सगळं शांत. दिवसात दुसऱ्यांदा सुरू केली की आवाज अजिबात नाही. एका गॅरेजमध्ये ऐकून लगेच सांगितलं, "टायमिंग चेन गेली, किट बदलावं लागेल." टायमिंग चेन म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडायला लावणारी साखळी. आकडा पाच अंकी होता.

मला पटेना. चेन सैल झाली असती तर बहुधा दुपारीही वाजली असती. फक्त रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत आवाज येतो याचा अर्थ रात्रीत काहीतरी रिकामं होतंय. चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. दाब उशिरा आला की तेवढा वेळ चेन मोकळी राहते.

इथे ती झडप येते. अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह असं लांबलचक नाव, पण वस्तू म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी आतून बसवलेली रबराची चकती. फिल्टरच्या तोंडावर मधल्या आट्यांच्या भोकाभोवती लहान भोकांचं कडं असतं. पंपाकडून ऑइल त्या लहान भोकांतून आत शिरतं, रबर ढकलतं, कागदाच्या घड्यांतून गाळून मधल्या भोकातून इंजिनाकडे जातं. इंजिन बंद झालं की ऑइल आल्या वाटेने पंपातून खालच्या ऑइल चेंबरमध्ये परत उतरू पाहतं. रबर तेव्हा ती लहान भोकं आतून दाबून बंद करतं. फिल्टर भरलेला राहिला की सकाळी पंपाला आधी तो भरत बसावा लागत नाही.

फिल्टर कसा बसवलाय यावर सगळा फरक पडतो. तोंड वर असेल तर ऑइल वजनानेच डब्यात राहतं, झडप कडक झाली तरी फारसं बिघडत नाही. आडवा असेल तर भोकांच्या पातळीपर्यंतचं ऑइल निघून जातं. तोंड खाली असेल तर सगळा डबाच रिकामा होऊ शकतो. सुबारूच्या एफबी मालिकेच्या इंजिनांत फिल्टर वरच्या बाजूला तोंड खाली करून बसतो, तिथे सगळी भिस्त या चकतीवरच असते.

मी फिल्टर घेतला तो शिंदे की छावणीतल्या एका जुन्या पार्ट्सच्या दुकानातून. गल्ल्यावरचे काका मराठी आहेत, सत्तरीच्या पुढचे. मी गाडीचं मॉडेल सांगितल्यावर त्यांनी खोका पुढे न करता आधी विचारलं, "ताई, गाडी रोज चालते की उभी असते?" हा प्रश्न मला फार आवडला. मग त्यांनी तीन फिल्टर काढले. नव्वद रुपयांचा एक, गाडीच्या कंपनीचा मूळ, आणि त्याहून महाग सिलिकॉनच्या झडपेचा. बंद पेनाच्या टोकाने लहान भोकांतून रबर दाबून दाखवलं. नव्वदवाल्याचं रबर नवं असूनही ताठ होतं, दाबल्यावर एका बाजूने फट राहत होती. मूळ फिल्टरचं नीट मागे यायचं. सिलिकॉनचं तर सर्वांत मऊ. असं दुकानात उभं राहून दाबून बघू देणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि याच कारणासाठी मी त्या दुकानाला पूर्ण गुण देते. पार्किंग मात्र नाही, स्कूटर घेऊनच जा.

साधं काळं रबर बहुधा नायट्राइल असतं. ऑइलला ते चांगलं टिकतं, पण शंभर अंशांच्या वर सतत तापत राहिलं की हळूहळू कडक होतं, आणि इंजिनातलं ऑइल 90 ते 110 अंशांपर्यंत सहज जातं. सिलिकॉन 200 अंशांच्या आसपासही लवचीक राहतं, थंडीतही आखडत नाही. आमच्याकडे मे-जूनमध्ये बाहेरच 45 अंश आणि जानेवारीच्या पहाटे चार-पाच, म्हणजे रबराची दोन्हीकडून परीक्षा. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. लाल-केशरी बहुतेकदा सिलिकॉन असतं, पण रंग कशालाही देता येतो. दाबून बघणं हीच खात्री. सिलिकॉन फाटायला नायट्राइलपेक्षा नाजूक असतं, म्हणून टोकदार वस्तूने टोचू नका.

मी सिलिकॉनवाला घेतला. जुना फिल्टर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी काढायला लावला. आठवडाभर आडव्या असलेल्या चांगल्या फिल्टरमधून आटे सुटताच ऑइल भळाभळा यायला हवं. आमच्यातून जेमतेम पातळ धार आली. चुलतभावाने तो हॅकसॉने कापला. चकतीची कड बोटाने वाकवली तर परत येत नव्हती, एका जागी भोकाची खूणच उमटली होती. नवा बसवल्यापासून खडखड थांबली आहे, लाल दिवा चटकन विझतो. चेन किट तसंच दुकानात आहे.

याच भावाच्या दोन टॅक्सी आग्र्याच्या रस्त्यावर चालतात. त्याला मी सिलिकॉनचा आग्रह केला नाही. त्याच्या गाड्या थंड व्हायला सवडच मिळत नाही, शिवाय एकीचा फिल्टर तोंड वर करून बसतो. त्याने गाळणाऱ्या कागदाकडे आणि वेळेवर बदलण्याकडे लक्ष द्यावं.

सुरुवातीच्या दोन सेकंदांत इंजिनाचं अमुक टक्के आयुष्य जातं, असं जाहिरातींत सांगतात. मला ते मानायचं कारण दिसत नाही. बेअरिंगवर ऑइलचा पातळ थर रात्रभर टिकून असतो, एका सकाळच्या उशिराने इंजिन बसत नाही. पण रोज तेच घडत राहिलं तर टेन्शनर, चेन आणि हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग) असतील तर तेही सोसत राहतात. नव्वद रुपयांच्या फिल्टरने वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

काही मेकॅनिक या झडपेची बायपास व्हॉल्व्हशी गल्लत करतात. बायपास वेगळा. कागद तुंबला किंवा थंडीने ऑइल घट्ट झालं तर तो स्प्रिंगवर उघडतो आणि न गाळलेलं ऑइल का होईना, इंजिनापर्यंत पोचवतो. खोक्यावर फक्त "व्हॉल्व्ह आहे" लिहिलं असेल तर कोणता ते विचारा. ज्या गाड्यांत डबा नसून नुसतं कागदी काडतूस बदलतात, त्यांत ही झडप असलीच तर हाउसिंगमध्ये, म्हणजे काडतूस ज्यात बसतं त्या इंजिनावरच्या कायमच्या खोळीत, असते. तिथे महाग काडतूस घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, हाउसिंगच उघडून बघावं लागेल.