सोनोमातील ब्यूना विस्टा वाइनरी

कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या सहलीत एकच वाइनरी पाहणे शक्य असेल, तर मी सोनोमाची ब्यूना विस्टा सुचवेन. आगोस्टन हारास्ती या हंगेरियन गृहस्थाने १८५७ मध्ये ती स्थापन केली. १८६१ मध्ये युरोपभर हिंडून त्याने द्राक्षवेलींची सुमारे एक लाख कलमे आणवली आणि १८६९ मध्ये निकाराग्वात तो बेपत्ता झाला. त्याला मगरीने गिळले, असे म्हणतात.

इथले खरे आकर्षण म्हणजे चिनी मजुरांनी टेकडीच्या पोटात खोदलेली तळघरे. वेलींनी मढलेल्या जुन्या दगडी इमारती पाहताना त्या अनाम मजुरांचीच आठवण अधिक होते.

चाखलेल्या वाइनपैकी झिन्फँडेल मला सर्वांत आवडली: आधी जांभळासारखा तुरटपणा आणि घोट उतरल्यावर काळ्या मिरीची हलकी चुणचुण. शार्डने मात्र माझ्या जिभेला जरा जड वाटली. रिकाम्या पोटी गेलो, ही चूक माझीच. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. आपल्याला कितीही संकोच वाटला तरी, दिवसभरात तीन-चार ठिकाणी जायचे असल्यास, ते जरूर वापरावे.