आण्णांची थरथरणारी काठी, आठ महिन्यांनंतर

काचबिंदूनं आण्णांची नजर गेली त्याला पाच वर्षं झाली. साध्या पांढऱ्या काठीनं त्यांना पायाखालचं सगळं कळतं, छातीच्या उंचीवरचं मात्र नाही. गेल्या सुगीत गल्लीत लावलेल्या ट्रॉलीच्या उघड्या फाळक्यावर कपाळ आपटलं, चार टाके पडले. मग ही काठी मागवली, पावणेसहा हजारांना.

मुठीखालच्या डबीतून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, समोर आपटून परततो आणि मूठ थरथरते. वस्तू दोन मीटरवर असली तर आवाज जाऊन यायला साधारण १२ मिलिसेकंद. जवळ जाल तशी थरथर वाढते. पहिल्याच दिवशी आण्णा म्हणाले, "ही वटवाघळाची विद्या."

त्यांना ते सुचणारच. आमच्याच बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतल्या 'रॉटनचं वटवाघूळ' या जातीचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं. कान भले मोठे, पुढं झुकलेले, कपाळावर एकमेकांना जोडलेले. घोड्याच्या नालासारख्या नाकाची वटवाघळं तर कानाचा आकारच सेकंदाच्या दहाव्या भागात बदलतात. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी तसा हलणारा लवचीक कान बनवला. त्या एका कानावर आवाजाची दिशा अर्ध्या अंशापर्यंत ओळखता आली.

आमच्या काठीचा कानही एकच, पण ताठ. समोर काहीतरी आहे एवढं कळतं, डावीकडं की उजवीकडं ते नाही. परड्यातल्या पिंजराच्या व्हळीजवळ (पेंढ्याच्या गंजीजवळ) मूठ गप्पच राहते, कारण मऊ पिंजर आवाज पिऊन टाकतं. वाळत घातलेल्या वाकळेचं तेच. तिरक्या काचेवरून आवाज भलतीकडं जातो, त्यामुळं मोटारीची पुढची काच एकदा चुकलीच. गटार आणि उतरती पायरी अजून काठीच्या टोकानंच शोधायची. हे विकणाऱ्यानं आधी सांगायला हवं होतं. माहितीपत्रकात एक ओळ नाही, मराठीत किंवा कन्नडमध्ये तर काहीच नाही.

तरी घ्या. ट्रॉली, बैलगाडीचं जू, उघडी खिडकी, सगळं वेळेत कळतं; आठ महिन्यांत कपाळाला एकदाही लागलेलं नाही. दर दोन दिवसांनी चार्जिंग, पावसात डबीवर प्लॅस्टिकची पिशवी. आण्णा आता कोपऱ्यावर थांबून मनगट सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवतात आणि थरथर कुठं जास्त ते बघून वळतात. देवळापर्यंत एकटे जातात.