सेकंडहँड ओम्नी: इंजिन ठणठणीत, दाराने जीव खाल्ला

घरातली ही तिसरी व्हॅन. आधी वडिलांची मॅटाडोर, मग माझी कार्ब्युरेटरवाली मारुती व्हॅन आणि आता ही २००४ची ओम्नी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सीटखाली इंजिन हे सगळ्यांना पाठ आहे. मॅटाडोरचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी असायचं, त्याच्या झाकणावर घोंगडी टाकून वडील एखादा पाहुणा बसवायचे. त्यापुढे ओम्नीची सीट तापते ही तक्रारच नाही.

तक्रार आहे ती डाव्या सरकत्या दाराची. त्याला रोलर तीन: वर, खाली आणि बाहेरच्या पट्टीत चालणारा मधला. मधला झिजला की दार मागून बसतं आणि लॉक खाचेत जात नाही. मग एका हाताने हँडल ओढायचं, दुसऱ्याने खालची कड उचलायची आणि दाणकन आपटायचं. भाजीची पिशवी कुठे धरायची ते तुम्हीच सांगा. वर्कशॉपवाला म्हणाला, अख्खं दार बदला, रंगाचे वेगळे पडतील. आधीच पासिंगला दमडी उरली नव्हती. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नोंदणी रिन्यूअल २०२२च्या एप्रिलमध्ये ६००चं थेट ५००० झालं होतं, वर पर्यावरण कर. मी गाडी तशीच परत आणली. ओम्नी घेऊ नका, असंच लिहिणार होतो.

पण पावसाळ्यात पुण्याच्या नाना पेठेतून रोलर आणला, चहा-नाश्त्याच्या पैशात. मिस्त्रीने पट्टीतलं जुनं ग्रीस रॉकेलने धुतलं. धूळ बसून त्याचं काळं डांबर झालं होतं. आता दार एका बोटाने सरकतं. पेठेतल्या बोळात दोन्हीकडे स्कूटर लावलेल्या असतात, तिथे भाच्याच्या नव्या गाडीतून उतरताना पोट आत घ्यावं लागतं. आमची आई आरामात उतरते.

हायवेला मात्र साठच्या वर नेत नाही. पायापुढे पत्रा, त्यापुढे थेट समोरचा ट्रक. क्रॅशचे नियम कडक झाल्यावर २०१९मध्ये ही बंद झाली, ते बरोबरच झालं.

आता नवीन दुखणं. गाडी उताराकडे तोंड करून लावली की उघडं दार आपोआप पुढे येतं. उघडं धरणारा कॅच गेलाय. कुणाकडे भंगारातला पण चालू कॅच असेल तर कळवा. नवा घेणार नाही.