यूव्ही रेझिनच्या फ्लाय: दहा महिन्यांचा वापर

जानेवारीत यूव्ही रेझिन (अतिनील उजेडाने घट्ट होणारा पारदर्शक, चिकट द्रव) आणि ते कडक करायचा टॉर्च घेतला. तेव्हापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत स्ट्राइप्ड बास (स्ट्रायपर) माशांसाठीच्या माझ्या बहुतेक फ्लाय, म्हणजे गळावर केस वगैरे बांधून केलेली नकली आमिषं, त्यानेच बांधल्या. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, मासेमारीला सँडी हूक आणि रॅरिटन बेला जाते. शरदात तिथले स्ट्रायपर ज्या बोटभर माशांच्या मागे किनाऱ्याला येतात, त्यांना इथे स्पिअरिंग म्हणतात. अंग जवळजवळ आरपार दिसणारं, बाजूने एक लखलखीत चंदेरी पट्टी. ते आरपारपण नुसत्या केसांनी साधत नाही, म्हणून रेझिन.

याच किनाऱ्यावरच्या बॉब पोपोविक्स यांची इपॉक्सीतली (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदातली) ‘सर्फ कँडी’ ही फ्लाय मूळची ब्लूफिश माशांसाठी. ब्लूफिशचे दात साध्या फ्लायच्या चिंध्या करतात. इपॉक्सी मीही वापरलं आहे. घट्ट होईपर्यंत फ्लाय फिरवत बसावं लागतं, नाहीतर सगळं पोटाकडे ओघळतं, शिवाय पुढे पिवळंही पडतं. यूव्ही रेझिन उजेड पडल्याशिवाय घट्ट होत नाही. डोळे सरळ बसले की नाहीत हे निवांत पाहायचं आणि मगच उजेड पाडायचा.

पहिल्या डझनात मी रेझिन गळाच्या वाकाच्याही मागे नेलं. वाइसमध्ये (बांधताना गळ धरायच्या चिमट्यात) काचेचा मासा वाटायचा, पाण्यात ताठ काडी! मे महिन्यातल्या एका संध्याकाळी स्ट्रायपर चहूकडे पाणी उडवत होते, माझ्या फ्लायपर्यंत येऊन परत फिरत होते. शेजारचे गृहस्थ साध्या बकटेलच्या (हरणाच्या शेपटीच्या केसांच्या) क्लाउझर फ्लायवर एकामागून एक मासे काढत होते. घरी येऊन सगळं नव्याने बांधलं. आता रेझिन वाकाच्या अलीकडेच थांबवते, मागचे केस मोकळे सोडते. एकूण लांबी ३ इंचांच्या आत. त्याहून लांब केस गळाभोवती गुंडाळतात. मासे घ्यायला लागले ते या बदलानंतरच.

थर पातळ द्यावेत, दोन. एकच जाड दिला तर तो तापतो आणि आत मऊ राहतो. वरचा चिकटपणा अल्कोहोलच्या बोळ्याने जातो. हातमोजे घालाच, कातडीला त्रास होऊ शकतो. बाटली खिडकीत ठेवू नका, माझी एक उन्हाने आतच घट्ट झाली.

एका फ्लायने ११ स्ट्रायपर आणि ३ ब्लूफिश घेतले, तरी तिचे डोळे जागेवर आहेत. वाळूने घासून अंग मात्र धुरकट झालंय. इथे २८ ते ३१ इंचांमधला एकच स्ट्रायपर दिवसाला घरी नेता येतो, बाकी सोडायचे असतात, त्यामुळे गळाच्या टोकाचा उलटा काटा मी आधीच पक्कडीने दाबून टाकते.

खोल, ओढीच्या पाण्यात ही फ्लाय घेऊ नका, तिथे शिशाच्या डोळ्यांची क्लाउझरच हवी. ऑक्टोबरात बे अँचोव्हीचे थवे आले (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा) की मात्र ४ नंबरच्या गळावरची २ इंची रेझिन फ्लाय मी आधी बांधते. यंदाच्या हिवाळ्यात तशा ३० करायच्या आहेत, ९ झाल्या.