तांबट आळीतला बंब: एक पावसाळा वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी दिवाळीआधी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेतला, मुळशीच्या घरासाठी. तिथे पावसात वीज गेली की लवकर येत नाही. बंब मात्र चार ढलप्या आणि दोन करवंट्यांत घरच्या सगळ्यांना कढत पाणी देतो. मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांचं काम) देखणं आहे, सांध्यांचा डाग (झाळ) पक्का आहे, तोटी एकदाही गळली नाही. घेताना कारागिरांनी दोनदा बजावलं होतं, पाणी भरल्याशिवाय पेटवू नका, डाग सुटेल. ते आम्ही काटेकोर पाळलं.

जुलैत सगळं सरपण दमट. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बंबाशेजारी रच, ऊबेनं वाळेल." मी पडवीत बंबापासून वीतभरावर बाभळीची लाकडं रचली, वर गोणपाट टाकलं. बंबाच्या अंगात पाणी असतं, तो चटका देईल पण लाकूड पेटवणार नाही, म्हणून मी निर्धास्त होते. धोका खालून होता. जाळीतून पडलेला निखारा राखेच्या तोंडातून बाहेर घरंगळला आणि लाकडांखालच्या सालीच्या भुशात शिरला. ज्वाळा नाहीच, नुसती धग. करपल्याचा वास सासूबाईंनाच आधी आला. गोणपाट उचललं तर कड हातात चुरली आणि खालच्या ओंडक्याच्या पोटात लाल रेघ सरकत होती. दोन बादल्या ओतल्या तेव्हा विझलं. वर लाकडी माळा आहे. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आता लाकडं बंबापासून किमान 3 फुटांवर, तीही एका वेळेपुरतीच. बाकीची बाहेर पत्र्याखाली, विटांवर, बाजूंनी वारा खेळेल अशी. ती तिथेच नीट वाळतात. भुसा रोज झाडते. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, अंगणात. राखेखाली निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो, म्हणून प्लास्टिकची बादली किंवा कचऱ्याचा डबा अजिबात नको. पेटवताना शेजारी भरलेली बादली असतेच.

बंबाला माझे पैकीच्या पैकी गुण, फक्त राखेचं तोंड उघडं आहे ही तक्रार. मी नंतर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण करून घेतलं. हवा जाते, निखारा अडतो. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा ते आधीच बसवून मागा, आणि खाली ठेवायला पसरट लोखंडी घमेलंही घ्या.