रोडमॅपसाठी गूगल डॉक्स: कळमन्याच्या अडत्यांना सोबत घेऊन वापरल्यावर

थेट सांगते. तुमच्या टीममध्ये सगळे कॉम्प्युटरवालेच असतील, तर रोडमॅपसाठी, म्हणजे पुढे काय आणि कधी बनवायचं याच्या आराखड्यासाठी, गूगल डॉक्सपेक्षा सरस साधनं बाजारात आहेत. पण काय आधी बनवायचं हे ठरताना गाळ्यावरचा माणूसही बोलला पाहिजे असं वाटत असेल, तर माझं मत डॉक्सला.

आमची कंपनी छोटी, आयटी पार्कच्या बाजूला. फळबाजारातल्या अडत्यांसाठी ॲप बनवतो. काटोल-नरखेडकडून संत्र्याची गाडी येते, माल उतरतो, बोली होते, मग हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, निघते. ती पट्टी काढणं हे आमच्या ॲपचं मुख्य काम. नागपूरच्या कळमना बाजारातले काही अडते आमचे पहिल्यापासूनचे ग्राहक आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय रोडमॅप करू नये या मतावर मी ठाम आहे.

आधी आम्ही याच कामासाठी एक पैसे भरायचं साधन घेतलं होतं. दिसायला देखणं, सगळ्या सोयी असलेलं. पण त्याचे पैसे माणशी. मग हिशोब सुरू होतो: याला कशाला खातं द्यायचं, त्याला नंतर देऊ. शेवटी आत उरतात डेव्हलपर आणि मालक, आणि ज्यांच्यासाठी बनवतोय ते बाहेर. डॉक्समध्ये ही अडचण मुळातच येत नाही. अँड्रॉइड फोनवाल्याकडे जीमेल असतंच, लिंक पाठवली की माणूस आत.

सुरुवात सोपी आहे. 'इन्सर्ट'मध्ये 'बिल्डिंग ब्लॉक्स' आहेत, त्यात 'प्रॉडक्ट रोडमॅप' नावाचा तयार तक्ता मिळतो. प्रोजेक्ट, स्टेटस, संबंधित फाइल्स आणि नोट्स असे चार रकाने. मी पाचवा वाढवला नाही, तुम्हीही वाढवू नका. हा तक्ता फोनवर वाचला जाणार आहे. फक्त नोट्सचं नाव बदलून 'कशासाठी' केलं. 'कशासाठी' रिकामं असेल तर ती ओळ रोडमॅपमध्ये राहत नाही, एवढा एकच नियम आम्ही कडक पाळतो. स्टेटसचे पर्याय हवे तसे आणि हव्या त्या रंगात करता येतात. आमचे असे आहेत: विचारात, ठरलं, काम सुरू, तपासणीत, गाळ्यावर चालू. शेवटचा मुद्दाम ठेवला. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतं म्हणजे काम झालं, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

रोडमॅप सहसा तिमाहीप्रमाणे आखतात. त्या तिमाह्या आम्ही काढून टाकल्या. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. ऐन हंगामात अडत्याच्या स्क्रीनवर नवं बटण आणून ठेवलं तर तो कामाचा खोळंबाच. म्हणून डॉक्युमेंटमध्ये तीन टॅब केले: 'आंबियाआधी', 'मृगाआधी' आणि 'नंतर पाहू'. टॅबची ही सोय डॉक्समध्ये 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि आमच्या फार कामी पडली. त्याआधी सगळं एका लांबलचक पानावर असायचं.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते: कॉमेंट.

गेल्या आंबियाच्या आधी पहिल्या ओळीत होता नवा डॅशबोर्ड. आलेख, रंग, महिन्याची उलाढाल. एका अडत्याकाकांनी फोनवर मराठीत बोलून कॉमेंट टाकली: "ताई, हे चित्र पाहून आम्ही काय करू? पट्टीवर गाडीनंबर मोठा काहून नाही येऊन राहिला? ड्रायव्हर अंधारात वाचते." खाली आमच्या डेव्हलपरचं उत्तर: "काका, रोल 58 मिलिमीटरचा आहे, नंबर मोठा केला तर नाव तुटते." त्याखाली सपोर्टला बसणाऱ्या ताईंनी पट्टीचा फोटो ड्राइव्हवर चढवून त्याची लिंक जोडली आणि लिहिलं, "तोलाई आणि हमाली एका ओळीत घेतली तर जागा निघते, नंबरला वेगळी ओळ द्या." काकांचं उत्तर दोन शब्दांत: "जमते जी."

मीटिंग झाली नाही. गाडीनंबरची ओळ वर गेली, डॅशबोर्ड 'नंतर पाहू'मध्ये. कॉमेंट 'रिझॉल्व्ह' केली तरी ती पुसली जात नाही, कॉमेंटच्या यादीत जशीच्या तशी सापडते. पुढे नव्या मुलाने विचारलं की डॅशबोर्ड का मागे ठेवला, तर मी त्याला तोच धागा उघडून दिला. रोडमॅपमधल्या निर्णयाचं कारण निर्णयाच्या शेजारीच सापडणं ही माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि ती इथे फुकट मिळते.

परवानग्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. बदलायचा अधिकार आमच्यात तिघांनाच आहे. बाकी सगळे 'कमेंटर'. कमेंटरलाही दुरुस्ती सुचवता येते. ती वेगळ्या रंगात दिसते आणि आम्ही स्वीकारली तरच मूळ मजकुरात जाते. त्यामुळे मनमोकळं लिहा असं काकांना सांगता येतं, तक्ता बिघडायची भीती नसते. बहार सुरू होताना मी व्हर्जन हिस्टरीत, जिथे फाइलच्या जुन्या प्रती राहतात, त्या दिवसाच्या प्रतीला नाव देऊन ठेवते, 'आंबिया ठरलेलं' असं. हंगाम संपला की ती उघडून पाहतो, काय ठरलं होतं आणि काय झालं.

जिथे डॉक्स पुरत नाही तेही सांगते. तक्त्याला फिल्टर नाही. कामांची कालरेषा दिसत नाही. एक काम लांबलं तर त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या कामाची तारीख तुम्हीच हाताने बदलायची. हा दोष नव्हे, हा मुळात लिहिण्याचा कागद आहे. कोण, कधी, किती झालं हे सगळं आम्ही गूगल शीटमध्ये ठेवतो आणि त्यातला छोटा तक्ता डॉक्समध्ये जोडतो. शीटमध्ये बदल झाला की डॉक्समध्ये 'अपडेट'चं बटण येतं, ते दाबलं की आकडे ताजे. वीस-पंचवीस डेव्हलपर असलेल्या कंपनीला मात्र हे जुगाड पुरणार नाही, त्यांनी प्रोजेक्ट सांभाळणारं खरं साधन घ्यावं.

दोन बारीक गोष्टी. फाइल 'पेजलेस' करा, पानाच्या कडा जातात आणि तक्ता मोकळा होतो. आणि मराठीसाठी 'मुक्ता' फॉन्ट घ्या, छोट्या अक्षरातही जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. वय झालेल्या ग्राहकांसाठी हा फरक मोठा आहे.

खर्चाचं म्हणाल तर साध्या खात्यात 15 जीबी जागा फुकट, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. रोडमॅपची फाइल त्यात नावापुरती जागा घेते, पट्ट्यांचे फोटो भराभर भरतात. म्हणून फोटोंसाठी वेगळं खातं काढा आणि इथे फक्त लिंक लावा.