नंबर माणसाचा असतो, सांगाड्याचा नव्हे : जुनी स्टॉक कार घेताना झालेली फसवणूक

टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर ताब्यात घेतल्यानंतर पुणे-चिंचवडकडचे अनेक अभियंते इंग्लंडच्या मिडलंड्स भागात येऊन राहिले. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. आपल्यातल्या काहींना इथल्या शॉर्ट ओव्हल, म्हणजे छोट्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवरच्या, मोटार शर्यतींची गोडी लागते आणि पाहता पाहता स्वतःची गाडी घेऊन उतरावे असे वाटू लागते. अशा मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. फॉर्म्युला टू वर्गातील एका जुन्या स्टॉक कारसाठी मी साडेसहा हजार पौंड मोजले. विक्रेत्याने जी गाडी म्हणून सांगितली ती ही नव्हतीच, आणि जी हाती आली ती ट्रॅकवर उतरवण्याच्या लायकीची नव्हती.

फसवणुकीची युक्ती कळण्यासाठी या खेळातील काही रिवाज ठाऊक असावे लागतात. ब्रिटनमध्ये स्टॉक कारची पहिली शर्यत १९५४ साली लंडनच्या न्यू क्रॉस स्टेडियमवर झाली. तेव्हापासून साधारण पाव मैलाच्या लंबवर्तुळावर, पुढे-मागे जाडजूड लोखंडी बंपर लावलेल्या गाड्या एकमेकींना ढकलत धावतात आणि ही ढकलाढकली नियमातच बसते. हॉट रॉड या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांचे शास्त्र वेगळे आहे. तिथे धक्का देणाऱ्याला शिक्षा होते, त्यामुळे गाडीचे बाह्यांग बरेचसे शाबूत राहते. स्टॉक कारमध्ये मात्र सांगाड्याने किती मार खाल्ला आहे हे रंगाच्या एका थराखाली सहज लपते. चालकाची प्रतवारी छपराच्या रंगावरून कळते. नवखा पांढऱ्या छपराने सर्वांत पुढून सुटतो, त्याच्यामागे पिवळे, मग निळे, मग लाल, आणि त्यांच्याही मागे छपरावर लुकलुकते दिवे मिरवणारे अव्वल चालक उभे असतात. जगज्जेत्याचे छप्पर सोनेरी असते. प्रत्येक चालकाला नोंदणीचा एक क्रमांक मिळतो आणि गाड्या कितीही बदलल्या तरी तोच क्रमांक तो प्रत्येक गाडीवर रंगवतो.

विक्रेत्याने नेमका याच रिवाजाचा उपयोग करून घेतला. एका ओव्हलच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्यांची तयारी होते तिथे, ओळख झालेला हा गृहस्थ अतिशय गोड बोलणारा होता. नवख्यांना स्पॅनर उसना देणे, ट्रेलरची दोरी बांधून देणे, थंडीत चहा आणून देणे, हे सर्व तो मनापासून करतो असे कोणालाही वाटले असते. त्याच्याकडे लाल छपराची एक गाडी विकाऊ होती आणि तिच्या छायाचित्रांनी भरलेली एक वही होती. एका नावाजलेल्या चालकाचा क्रमांक लिहिलेली गाडी आघाडीवर आहे, चौकड्यांच्या झेंड्याखालून जात आहे, करंडकाशेजारी उभी आहे, अशी ती चित्रे होती. त्यातला क्रमांक, विकाऊ गाडीवर पुसट दिसणारा क्रमांक आणि छपराचा रंग तंतोतंत जुळत होते. ही गाडी कायम डांबरी ट्रॅकवरच धावली आहे, शेलवर, म्हणजे दगडाच्या बारीक चुऱ्याच्या ट्रॅकवर, कधीच उतरलेली नाही, असेही त्याने दोनदोनदा सांगितले.

परंतु त्या छायाचित्रांनी सिद्ध काय होत होते, तर इतकेच की तो चालक शर्यत जिंकला होता. क्रमांक आणि छपराचा रंग हे दोन्ही चालकाचे असतात. बरेच चालक डांबरासाठी एक आणि शेलसाठी दुसरी गाडी बाळगतात, मधूनच जुनी विकून नवी बांधतात, आणि या सगळ्या गाड्यांवर तोच क्रमांक व तेच छप्पर असते. कोणत्याही सांगाड्यावर लाल छप्पर बसवून त्यावर अर्धवट घासलेला क्रमांक ठेवण्यासाठी एक रंगाचा डबा आणि एक रविवार पुरेसा आहे. रस्त्यावरच्या मोटारीसाठी सरकारचे व्ही-५-सी हे नोंदणीपत्र असते. या गाड्या रस्त्यासाठी नोंदवलेल्याच नसल्यामुळे तसे कोणतेही पत्र त्यांना नसते, आणि गाडीचा इतिहास म्हणजे बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या तोंडचे शब्द.

इंजिनाच्या बाबतीतही हाच प्रकार झाला. या वर्गात वर्षानुवर्षे फोर्डचे दोन लिटरचे पिंटो इंजिन चालत आले आहे आणि त्याचा एक दोष सर्वांना माहीत आहे. वरच्या कॅमशाफ्टवर तेल शिंपडणारी बारीक नळी तुंबली की कॅम झिजतो. म्हणून नव्याने बांधलेल्या इंजिनाला चांगली किंमत येते. विक्रेत्याने एका इंजिन बांधणाऱ्याची पावती दाखवली. पावती खरीच होती, फक्त ती दुसऱ्याच इंजिनाची होती, कारण तिच्यावरचा क्रमांक आणि ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक यांत मेळ नव्हता. ब्लॉकवरची ती जागा मात्र काजळी आणि ग्रीस यांनी अशी माखलेली होती, की गाडी ताब्यात येऊन ती घासून काढेपर्यंत क्रमांक वाचताच येत नव्हता. बाकीचे इंजिन लख्ख पुसलेले असताना नेमकी तेवढीच जागा मळकी राहणे हा योगायोग होता असे मला आज तरी वाटत नाही.

पैसे देण्याची रीतही त्यानेच ठरवली. इसार रोख, उरलेली रक्कम त्याच्या नात्यातल्या एका बाईच्या खात्यात, आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर ‘जशी आहे तशी विकली’ एवढेच शब्द. सांगाड्याचे वर्णन, ट्रॅकचा प्रकार, इंजिनाचा क्रमांक यांपैकी काहीही त्या चिठ्ठीत नव्हते.

उलगडा झाला तो शर्यतीपूर्वीच्या तपासणीत. सरावाच्या फेऱ्यांतच मागच्या ॲक्सलच्या पकडीजवळचा रंग तडकला होता. स्क्रुटिनिअरने, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, विजेरीच्या उजेडात पाहून तिथे नखाने खरवडले, तेव्हा रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली निघाली आणि लांबीखाली पकडीच्या वेल्डिंगला बोट जाईल एवढी भेग होती. चालकाच्या बाजूच्या रोल केजचा, म्हणजे चालकाला वाचवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याचा, एक नळही मूळच्यापेक्षा पातळ भिंतीचा जोडलेला होता. अशी गाडी धक्काबुक्कीच्या शर्यतीत सोडणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ, असे सांगून त्यांनी ती तिथेच बाद केली, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढे तो नळ कापला तेव्हा आतून विटकरी रंगाची बारीक शेल सांडली. डांबरावरच धावलेल्या गाडीच्या पोटात ती कुठून येणार? ज्या चालकाचा क्रमांक गाडीवर होता त्यांच्याशी संपर्क साधल्यावर समजले की छायाचित्रांतली गाडी काही वर्षांपूर्वीच नेदरलँड्समध्ये विकली गेली होती. तिथेही हा वर्ग लोकप्रिय आहे. त्यांनी जुनी चित्रे पाठवली आणि पकडींचा आकार ताडून पाहताच दोन सांगाडे निराळे असल्याचे स्पष्ट झाले.

विक्रेत्याने आधी फोन उचलला, मग ‘शर्यतीच्या गाड्या तुटतातच’ असे उत्तर दिले, आणि त्यानंतर तो गप्प झाला. बँकेकडून फारशी आशा ठेवू नये, हे इथे आवर्जून सांगतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतरणाची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचा नियम लागू आहे, पण वस्तू प्रत्यक्ष मिळाली आणि ती सदोष निघाली, तर बँक त्याला दोन पक्षांमधला दिवाणी वाद समजते. माझ्या अर्जालाही हेच उत्तर मिळाले.

उरला तो न्यायालयाचा मार्ग. खासगी विक्रीतसुद्धा वस्तू सांगितलेल्या वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, हे १९७९ च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये आहे, आणि खोटी माहिती देऊन करार करवून घेणाऱ्याला १९६७ चा मिसरिप्रेझेंटेशन ॲक्ट लागू होतो. ‘जशी आहे तशी’ हे शब्द अशा खोटेपणावर पांघरूण घालू शकत नाहीत. शिवाय हा माणूस एकामागून एक गाड्या विकत होता हे त्याच्या जुन्या जाहिरातींवरून दाखवता आले. तो व्यापारी ठरला असता तर २०१५ च्या ग्राहक कायद्याचे अधिक कडक नियम त्याला लागले असते, आणि मला वाटते, याच भीतीने तो बोलणीला तयार झाला. इंग्लंड व वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सहसा स्मॉल क्लेम्स या छोट्या दाव्यांच्या न्यायालयीन पद्धतीने चालतात. मे २०२४ पासून अशा पैशांच्या दाव्यांत आधी फोनवरून विनामूल्य मध्यस्थी सक्तीची झाली आहे. तिथे माझ्या बाजूने सर्वांत उपयोगी पडले ते त्याचे लेखी संदेश, कारण त्यांत ‘फक्त डांबर’ आणि ‘तोच विजेता सांगाडा’ हे त्याचेच शब्द होते. तोंडी बोलण्याचा पुरावा काहीच नव्हता.

म्हणून अशी गाडी पाहायला जाल तेव्हा छायाचित्रांची वही बाजूला ठेवून सांगाडा कोणी बांधला ते विचारा. हे बांधणारे थोडेच आहेत आणि आपले काम सहसा ओळखतात. पकडी आणि जोड यांवरचा रंग ताजा असेल तर तो खरवडू द्या असे म्हणा, लोहचुंबक फिरवून लांबी शोधा, ब्लॉकवरचा क्रमांक स्वतः पुसून वाचा. खरा विक्रेता याला हरकत घेत नाही. पैसे विकणाऱ्याच्याच नावावरच्या खात्यात भरा आणि त्याच्या सर्व दाव्यांसह पावती लिहून घ्या.

मध्यस्थीत ठरलेली रक्कम माझ्या मूळ पैशांच्या निम्म्याहून थोडी अधिक आहे आणि ती दोन हप्त्यांत मिळायची आहे. पहिला हप्ता आला, दुसऱ्याची मुदत अजून संपलेली नाही. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल चांगले होते, ते विकून टाकले. सांगाडा मात्र कोणालाही न विकता चार तुकडे करून भंगारात दिला, म्हणजे नव्या छपराखाली तो पुन्हा बाजारात येणार नाही.